कोंबडीचे अकरा ठोके

मुलांनो, आधी हात मोकळे करा. हातात पेन असेल तर खाली ठेवा. आता माझ्याबरोबर मोजा: एक-दोन, तीन-चार, पाच-सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा. प्रत्येक तुकडा सुरू होताना मांडीवर एक थाप मारा. मधला तुकडा तीनचा आहे, तिथे अडखळायला होईल. होऊ द्या. चार-पाच वेळा केलंत की हात आपोआप चालायला लागतो.

चालला? आता आठवर थाप मारू नका. ती गाळा, आणि नऊवर डाव्या हाताने हलकेच मारा, अगदी किंचित उशिरा. जिना उतरताना पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं पोटात होतं बघा.

हा ठेका ओरेस्तेचा. आता अशी कल्पना करा, की तुम्ही दहा वर्षांची निवेस आहात आणि ओरेस्ते तुमचा बाबा आहे. अंधारात दहा माणसं हा ठेका वाजवायला बसली, तरी त्यातला बाबा कुठला हे तुम्हाला लगेच कळेल. निवेसला तसं कळायचं. आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मिलानहून लोदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावाजवळ, पाण्याच्या पाटाच्या पलीकडे एक जुनं शेतघर होतं. गाई कधीच विकल्या गेल्या होत्या. १९७३ साली तिथे चार वादक राहायला आले, आणि गोठ्याच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून आत वाजवू लागले. त्यांच्या बँडचं नाव ‘क्वार्तो तुर्नो’, म्हणजे चौथी पाळी. ओरेस्ते पूर्वी लिफ्ट बनवण्याच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. संपात कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला, तेव्हा तिथल्या जेवणघरात या चौघांनी पहिल्यांदा एकत्र वाजवलं. ओरेस्ते म्हणाला होता, “तीन पाळ्या मालकाच्या. चौथी आपली.”

बाकीचे तिघं असे. स्पार्ताको गायचा आणि सॅक्सोफोन वाजवायचा. वकिलीचं शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडलं होतं, पण उलटतपासणी घ्यायची सवय काही सुटली नव्हती. देल्फिना बास गिटार वाजवायची आणि सगळ्यांना शिस्तीत ठेवायची. ग्वाल्तिएरो पूर्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे, आता विजेचा वाजवायचा. चौघांत सुरांची लिपी लिहिता येणारा तो एकटाच.

त्यांचं संगीत म्हणजे जॅझचे फेरे, रॉकचा दणका आणि बाल्कनमधल्या लग्नांत नाचतात ते वाकडेतिकडे ठेके. त्यावर स्पार्ताको कधी चिली देशातल्या लष्करी बंडाबद्दल ओरडायचा, कधी कापडगिरणीतल्या बायकांच्या पगाराबद्दल. आमच्या गावातले म्हातारे रस्त्यात ओरेस्तेला गाठून विचारायचे, “काय रे, काल ट्रॅक्टर सुरू होत नव्हता का?”

पण शहरात त्यांचं नाव झालं. पहिली रेकॉर्ड कुणी घेतली नाही. दुसरी निघाली आणि चौकांत, वेड्यांच्या इस्पितळात, विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या कॉलेजांत, सगळीकडून बोलावणी आली. लोक फाटकं मोडून फुकट आत यायचे, आणि हे मंचावरून म्हणायचे, या, आत या. त्या दुसऱ्या रेकॉर्डच्या पाकिटामागे एक वाक्य छापलं होतं: ‘आमचा एकही ठोका कुठल्याही मालासाठी वाजणार नाही.’ ते ओरेस्तेचं वाक्य. पोरं ते भिंतींवर रंगवायची.

त्या काळी असं वाक्य छापणं जोखमीचं होतं. कारण ऐकणारे लोकही तसेच होते. एखादा गायक बोलला एक आणि वागला दुसरं असा संशय आला, तर ते मंचावर चढायचे, माईक काढून घ्यायचे आणि सगळ्यांसमोर त्याला जाब विचारायचे. एकाने तर त्यानंतर वर्षभर गाणंच सोडलं होतं.

शेतघरात नियम होते. काका-मावशी नाही, सगळ्यांना नावाने हाक मारायची. टीव्ही नाही. आणि निर्णय सगळे टेबलावर, रविवारच्या जेवणानंतर, मत घेऊन. टेबलावर जो जेवतो त्याला मत. निवेस जेवायची, म्हणून तिलाही मत. मी गावच्या शाळेत शिकवत होतो, माझी बायको आणि मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो, म्हणून आम्हालाही. आणि मत द्यायचं ते सर्वांत लहानाने आधी, म्हणजे मोठ्यांकडे बघून कुणी हात वर करणार नाही. देल्फिनाने हा नियम केला तेव्हा आम्ही तिचं कौतुक केलं होतं.

निवेसची आई तुरीन शहरात दुसऱ्या घरी राहत होती. निवेसला हेच घर. तिची खाट चुलीच्या भिंतीला लागून होती, कारण ती भिंत सकाळपर्यंत गरम राहायची.

टीव्ही तत्त्व म्हणून घरात नव्हता, पण तत्त्व पाटाच्या अलीकडे, आमच्या गावात, लागू नव्हतं. संध्याकाळी जेवण झालं की निवेस आमच्याकडे यायची. बातम्यांनंतर दहा मिनिटं छोट्या नाटुकल्या आणि चित्रांच्या जाहिराती लागायच्या. तेवढं बघून देशभरातली मुलं झोपायला जायची.

७६ सालच्या फेब्रुवारीत एके संध्याकाळी पडद्यावर सूपच्या वड्यांची जाहिरात लागली. चित्रातली कोंबडी भांड्याच्या काठावर नाचत होती, आणि नाचता नाचता लंगडत होती. मला हसू आलं. निवेस हसली नाही. ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली.

“काय गं, कोंबडी आवडली नाही?”

“आवडली.” मग जरा वेळाने, “मास्तर, ही रोज लागते?”

“काल पण होती.”

“म्हणजे सगळे बघतात.”

“सगळा देश बघतो. का?”

ती टोपी विसरून निघून गेली. मला वाटलं पोट दुखत असेल. शिक्षकाला मुलांचं सगळं कळतं असं लोकांना वाटतं, पण पुष्कळदा आम्हाला फक्त पोटदुखीच सुचते. पुढे गोठ्यात काय झालं ते तिने मला मोठी झाल्यावर सांगितलं.

ओरेस्ते एकटाच ड्रमची कातडी ताणत बसला होता.

“बाबा, कोंबडीसाठी तू वाजवलंस?”

“कुठली कोंबडी?”

“सूपची.”

“कुणी सांगितलं तुला?”

“तुझ्या डाव्या हाताने.”

ओरेस्तेने दार लावून घेतलं. मग तिला सगळं सांगितलं. गावच्या बँडमधला त्याचा जुना मित्र आल्विझे मिलानमधल्या एका स्टुडिओत होता. एका दुपारी त्याचा ड्रमर तापाने आडवा झाला, सगळे खोळंबले. आल्विझेने फोन केला, दहा मिनिटं ये, साधे चार ठोके वाजव आणि जा.

“मी म्हटलं, चार ठोके, त्यात काय. मित्र अडलाय. बसलो. पण हाताला चार येईनातच, निवेस. चार वर्षांत चार विसरलेत हात. अकराच आले. मी म्हटलं, थांबा, पुन्हा करू. तर ते म्हणाले, नको नको, कोंबडी लंगडते, झकास आहे.”

निवेसला हसू फुटणार होतं, पण तिने बाबाच्या तोंडाकडे बघितलं.

“मग सांग ना सगळ्यांना. चुकून झालं म्हणून.”

“सांगतो. रविवारी.”

“नक्की?”

“रविवारी. तोवर तू कुणाला...”

“मी नाही सांगत.”

रविवार आला. स्पार्ताकोचा घसा बसला होता, तो खोलीबाहेर आलाच नाही. ओरेस्ते म्हणाला, सगळे असताना सांगितलेलं बरं. पुढच्या रविवारी तिसऱ्या रेकॉर्डवरून भांडण लागलं. त्यात आणखी हे कशाला, तो म्हणाला. निवेसने मान हलवली. पण त्या दिवसांत दाराची कडी वाजली की ती दचकायची. मंगळवारी शाळेच्या अंगणात तिच्या वर्गातली पाच-सहा मुलं ओळीने कोंबडी होऊन नाचत होती. एक-दोन, तीन-चार, पाच-सहा-सात, मग एक लंगडी. अकराचा हिशेब कुणीही न शिकवता त्यांना बरोबर जमला होता. मी कौतुकाने बघत उभा होतो. निवेस धावत गेली आणि पहिल्या मुलाला ढकलून ओरडली, “बंद करा ते.” त्याचं कोपर फुटलं. मी तिला भिंतीशी उभं केलं, आणि आजही मला ते आठवून बरं वाटत नाही.

मार्चच्या सुरुवातीला बँड बोलोन्याला वाजवायला गेला. मोठं मैदान, भर दुपार. मधल्या गाण्यात अकराचा ठेका सुरू झाला, आणि गर्दीतून कुणीतरी कोंबडीसारखं ओरडलं. मग आणखी एक. गाणं संपेपर्यंत अर्धं मैदान कॉक-कॉक करत होतं. स्पार्ताकोला काही कळेना. त्याने खाली उतरून एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, “आम्हाला काय विचारता, कॉम्रेड? सूपवाल्यांना विचारा.”

परत येताना गाडीत सगळे बोलत होते. ओरेस्ते गाडी चालवत होता.

दुसऱ्या दिवशी स्पार्ताको आमच्या गावातल्या बारमध्ये जाऊन बसला. तिथला टीव्ही जुना, त्यात पत्ते खेळणाऱ्यांचा गोंगाट. पण ठेका त्याला कळला. घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता.

रविवारी जेवायला पोलेंटा होता, मक्याच्या पिठाचा, वर डुकराच्या मांसाचा रस्सा. बायकोला बरं नव्हतं, मी एकटाच गेलो होतो. कुणी धड जेवलं नाही. ताटं तशीच बाजूला सारून स्पार्ताको म्हणाला, “ठेका आपला आहे. कुठल्या तरी भाड्याच्या ड्रमरने बुटक्या ड्रमवर बडवलाय. पण त्याला तो कळला कसा? ऐकून जमत नाही तो. कुणीतरी कागदावर लिहून दिला. आणि इथे लिहिता एकालाच येतं.”

सगळ्यांनी ग्वाल्तिएरोकडे बघितलं. तो पाव कुस्करत होता.

“मी दिलेला नाही,” तो म्हणाला.

“जानेवारीत तीन दिवस रोमला गेला होतास.”

“हो.”

“कशासाठी?”

“माझं काम होतं.”

“कसलं काम?”

“स्पार्ताको, तू माझी आई आहेस का?”

“तुझी आई असतो तर तुला कानाला धरून विचारलं असतं. आता टेबलावर विचारतोय. रोममध्ये काय करत होतास?”

ग्वाल्तिएरोने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मला ठाऊक होतं. त्याचा धाकटा भाऊ रोममध्ये पोलिसात होता आणि त्याला मुलगी झाली होती. बाळासाठी लोकरीची टोपी त्याने माझ्या बायकोकडूनच विणून घेतली होती. पण ज्या टेबलावर पोलिसांच्या लाठ्यांची गाणी रचली जातात, तिथे आपला भाऊ पोलीस आहे हे त्याच्या तोंडून निघत नव्हतं. मी हात वर केला.

“मास्तर, तुमच्याबद्दल काही आहे का?” देल्फिनाने विचारलं.

“माझ्याबद्दल नाही.”

“मग नाही. दुसऱ्याच्या वतीने कुणी बोलायचं नाही. पहिल्या वर्षी आपणच ठरवलंय. ज्याचं तोंड त्याने उघडायचं.”

मी हात खाली घेतला. साठीच्या घरातला माणूस मी, आणि वर्गात गप्प बसवलेल्या मुलासारखा बसलो.

ओरेस्ते निवेसच्या समोर बसला होता. त्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते आणि डोळे ताटावर. निवेस त्याच्याकडे बघत होती. मला आठवतं, तिने एकदाही डोळे हलवले नाहीत. मला वाटलं मुलगी भांडणाला घाबरली आहे.

“महिन्याभरात मिलानचा मोठा जलसा आहे,” स्पार्ताको म्हणाला. “तिथे कोंबडी घेऊन लोक मंचावर चढतील. त्याआधी आपणच सांगितलं पाहिजे, की ज्याने हे केलं तो आता आपल्यात नाही. नाहीतर संपलो आपण. त्या एका वाक्यावर उभे आहोत. ओरेस्ते, वाक्य तुझं आहे, तू तरी बोल.”

ओरेस्ते म्हणाला, “काय बोलू?” त्याचा आवाज इतका बारीक होता, की देल्फिनाने विचारलं, “काय म्हणालास?” त्याने नुसती मान हलवली.

“ठीक आहे,” देल्फिना म्हणाली. तिलाही हे आवडत नव्हतं, ती सारखी ग्लासाचं बुड पुसत होती. “प्रश्न असा आहे. ग्वाल्तिएरोने बँड सोडावा की नाही. आधी कुणाला स्वतःबद्दल काही सांगायचं असेल तर हात वर करा.”

कुणी हात वर केला नाही. चुलीत लाकूड फुटलं. ओरेस्तेच्या कपाळावर घाम होता, मार्चमध्ये.

“मग मत. लहानापासून. निवेस.”

आता निवेसच्या जागी बसा. हात वर केला, तर जो माणूस तुम्हाला दर गुरुवारी ऑर्गन शिकवतो, चुकलात तर रागवत नाही, उलट चुकलेला सूर स्वतःही वाजवून बघतो, तो आज संध्याकाळी पेटी भरेल. हात खाली ठेवलात, तर पुढे बाकीचे आहेत, स्पार्ताको त्यांना बोलून बोलून वळवील, आणि खरी गोष्ट टेबलाखालीच राहील. आणि बोललात, तर बाबा. मग पेटी बाबाची, आणि तुमचीही. गरम भिंत नाही, गोठा नाही, तुरीन किंवा कुठलीतरी दुसरीच खोली. शिवाय बोलू देणारच नाहीत, कारण ते तुमच्याबद्दल नाही. आणि तुम्ही शब्द दिलाय.

ग्वाल्तिएरो तिच्याकडे वळून म्हणाला, “निवेस, घाबरू नको गं. तुला वाटेल तसं मत दे. मी गुरुवारी असलो तर शिकवीन, नसलो तर तू एकटी सराव कर. त्यात काय.”

ते ऐकून तिने खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली.

“तिला सोडा,” मी म्हणालो. “मुलीला कशाला यात...”

“मास्तर, नियम आहे,” स्पार्ताको म्हणाला, पण त्याचाही आवाज खाली आला होता. “सगळ्यांचं मत सारखं. सोपं असतं तेवढंच तिला विचारायचं का?”

“निवेस,” देल्फिना हळूच म्हणाली, “तुला काही सांगायचंय का? स्वतःबद्दल?”

“माझ्याबद्दल नाही.”

“मग दुसऱ्याच्या वतीने...”

“माहितेय मला.”

ओरेस्तेने मान वर केली. पहिल्यांदाच. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. त्याने ओठ उघडले. आम्ही सगळे वाट बघू लागलो, कशाची ते निवेसखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्याने ओठ मिटले आणि पुन्हा ताटाकडे बघितलं.

“निवेस,” देल्फिना म्हणाली, “हात वर की खाली?”

निवेस खुर्चीवरून उतरली. खुर्ची मागे सरकवली, ती नीट टेबलाला लावली. देल्फिनाच्या मागून, मग ग्वाल्तिएरोच्या मागून, टेबलाला वळसा घालून ती ओरेस्तेजवळ गेली. कुणी तिला अडवलं नाही. आम्हाला वाटलं, ती त्याच्या कुशीत शिरून रडणार. ती खाली वाकली आणि टेबलाखालून तिने त्याचा डावा हात शोधून काढला. तो जड होता, त्याने तो दिला नाही आणि सोडवूनही घेतला नाही. तिने दोन्ही हातांनी मनगट धरलं, टाचा उचलल्या, आणि तो हात टेबलावरून, बाटल्यांवरून, स्वतःच्या डोक्याहून उंच वर नेला आणि तसाच धरून ठेवला.